घरातला औषधांचा डबा: काय ठेवायचं, किती ठेवायचं आणि काय बाहेर काढायचं

बहुतेक घरांत औषधांचा डबा असतोच. त्यात तळाला चिकटलेली खोकल्याची बाटली असते, कापून कापून नाव नाहीसं झालेल्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या असतात, कुणाच्या तरी आजारपणातून उरलेलं अँटिबायोटिक असतं आणि वाळून कडक झालेली चिकटपट्टी असते. रात्री दोनला मुलाचं अंग तापतं तेव्हा थर्मामीटर सापडतो, पण त्याचा सेल संपलेला असतो. डबा भरलेला, पण वेळेला उपयोगी पडेल असं आत काहीच नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं आणि मलमपट्टीचं सामान यांचा डबा कसा लावायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. कोणतं औषध चिठ्ठीशिवाय मिळतं याचे नियम देशागणिक बदलतात, तेव्हा ते आपल्या औषधविक्रेत्याला विचारून घ्यावं. दवाखाना उघडेपर्यंत किंवा मदत येईपर्यंतचे काही तास निभावणं, इतकंच या डब्याचं काम. म्हणून कोणतीही वस्तू आत टाकण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. अपरात्री ही लागेल का? आणि लागली, तर औषधांतलं काहीही न कळणाऱ्या घरच्या माणसालाही ती नीट देता येईल का? दुसऱ्या प्रश्नाशी बऱ्याच वस्तू अडतात. त्यांच्यासोबत एक कागद लागतो, आणि माझ्या मते डब्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तोच कागद आहे.

पायरी १: डबा आधी रिकामा करा

सगळं टेबलावर ओता. कपाटातली, पर्समधली, उशाजवळच्या खणातली औषधंही आणा.

नाव किंवा मुदत वाचता येत नाही ती गोळी बाद. रंगावरून, आकारावरून ओळखण्याचा प्रयत्न करू नका. मुदतीच्या जागी फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण ही मुदत बंद बाटलीची असते. डोळ्यांत घालायचे बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांत टाकून द्यावे लागतात, बाटलीवर पुढच्या वर्षाची तारीख का असेना. पावडरीत पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिकचं पातळ औषध तर आठवड्या-दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. म्हणून बाटली फोडली की त्या दिवसाची तारीख पेनने तिच्यावर लिहायची.

उरलेली अँटिबायोटिकं ठेवू नका. 'परत लागेल' म्हणून ती ठेवली जातात आणि पुढच्या वेळी विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर दिली जातात. तिथे त्यांचा उपयोग शून्य असतो, जंतू मात्र त्या औषधाला निर्ढावतात. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली त्वचेची मलमंही याच ढिगात टाका. खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आतल्या आत पसरत राहतो.

पायरी २: औषधांच्या आधी माणसांची यादी

दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाची एक ओळ लिहा: नाव, वय, मुलांचं वजन, कोणत्या औषधाची ॲलर्जी, रोज चालू असलेली औषधं आणि मूळ दुखणी. रक्तदाब, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार, पोटातला अल्सर, गरोदरपण यांतलं काही असेल तर काय घ्यायचं आणि काय टाळायचं, हे बदलतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला आयबुप्रोफेन देणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. उच्च रक्तदाबाच्या माणसाने चोंदलेलं नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिनची गोळी परस्पर घेऊ नये. दुकानातून आणलेल्या तयार पेटीला यातलं काहीच माहीत नसतं.

ही यादी घेऊन औषधविक्रेत्याकडे जा आणि पुढची औषधं तिच्याशी ताडून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. मुलांचं वजन दर सहा महिन्यांनी खोडून नवं लिहायचं, कारण त्यांचा डोस वयापेक्षा वजनावर ठरतो.

पायरी ३: ताप आणि दुखणं

एकच औषध ठेवायचं ठरलं तर ते पॅरासिटामॉल. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पोटाला फारसं लागत नाही. प्रौढांसाठी एका वेळी ५०० मि.ग्रॅ. ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. म्हणजे ५००च्या आठ गोळ्या किंवा ६५०च्या सहा, ही वरची हद्द झाली. तिथवर जायलाच हवं असं नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर ही हद्द आणखी खाली येते आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते.

इतकं सरळ औषध इतक्या वेळा चुकतं, याचं एक कारण म्हणजे ते लपून बसतं. सर्दीच्या गोळीत, अंगदुखीच्या गोळीत, गरम पाण्यात घालून प्यायच्या फ्लूच्या पुडीत पॅरासिटामॉल असतं. माणूस सकाळी सर्दीची गोळी घेतो, दुपारी तापाची, रात्री पाठ दुखते म्हणून तिसरी, आणि तिन्हींत एकच औषध असतं. म्हणून वेष्टनावरचं मोठं ब्रँडनाव सोडून खालच्या बारीक अक्षरांतलं मूळ नाव वाचायचं आणि डब्यातल्या प्रत्येक स्ट्रिपच्या पाठीवर स्केच पेनने तेच लिहून ठेवायचं. जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं, आणि पहिला दिवसभर माणूस जवळजवळ ठणठणीत दिसू शकतो. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. त्यामुळे डोस जास्त गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

मुलांच्या बाबतीत वेगळाच गोंधळ होतो. डोस असतो प्रत्येक किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ.; म्हणजे १२ किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८० मि.ग्रॅ., दिवसातून जास्तीत जास्त चारदा. आता पातळ औषध एकाच ताकदीचं येत नाही. ५ मि.ली.मध्ये १२० मि.ग्रॅ. असलेली बाटली मिळते, ५ मि.ली.मध्ये २५० असलेलीही मिळते, आणि तान्ह्यांच्या थेंबांत तर १ मि.ली.मध्येच १०० मि.ग्रॅ. असतात. या मुलाला पहिल्या बाटलीतून ५ ते ७.५ मि.ली. द्यायचे, दुसऱ्यातून साधारण २.५ ते ३.५, आणि थेंबांच्या बाटलीतून १.२ ते १.८. 'एक चमचा दे' असं फोनवर सांगून थेंबांचा चमचाभर डोस गेला, तर मुलाच्या पोटात ५०० मि.ग्रॅ. गेले, हव्या त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून घरात मुलांच्या औषधाची एकच ताकद ठेवा आणि ती बदलू नका. स्वयंपाकघरातला चमचा मापाला घेऊ नका, चमच्यांची मापं घरागणिक निराळी असतात. सुई नसलेली तोंडाने द्यायची सिरिंज ठेवा, आणि आपल्या मुलाच्या डोसाची खूण तिच्यावर मार्करने करा.

ताप म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा १००.४ अंश फॅरनहाइट आणि त्याच्या वर. तो उतरवून आकडा अगदी ९८.४ वर आणायचा आटापिटा करू नका. मूल पाणी पितंय, खेळतंय, नीट झोपतंय तर तापाचं औषध द्यायलाच हवं असं नाही. गार पाण्याने अंग पुसू नये, मूल कुडकुडतं आणि आतला ताप आणखी चढतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ३८ अंश ताप आला तर डबा उघडायचाच नाही, थेट डॉक्टर.

दुसरं औषध आयबुप्रोफेन. मुरगळणं, दातदुखी, पाळीचं दुखणं यांवर ते पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरू शकतं, कारण ते सूज उतरवतं. प्रौढांसाठी २०० ते ४०० मि.ग्रॅ., काही खाऊन, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० मि.ग्रॅ.च्या वर नाही. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपणाचा उत्तरार्ध, कांजिण्या, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असताना ते टाळायचं. वेदनाशामकाने दमा उठतो अशा माणसालाही देऊ नये. डेंग्यू असलेल्या भागात नुकत्याच आलेल्या तापावर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही वर्ज्य, रक्तस्राव वाढू शकतो.

ॲस्पिरिन डब्यात ठेवायचं ते तापासाठी नव्हे. १६ वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये. रे सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा विरळा पण घातक आजार त्यातून होऊ शकतो. ते ठेवायचं छातीत दुखण्यासाठी. छातीत आवळल्यासारखं होतंय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, घाम फुटलाय, तर आधी रुग्णवाहिका बोलवायची आणि मग, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर, ३०० मि.ग्रॅ. चावून खायला द्यायचं. चावून यासाठी की ते लवकर रक्तात जातं. पक्षाघाताची शंका असेल तर मात्र ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्ताची गाठ आहे की रक्तस्राव, हे घरात कळत नाही.

पायरी ४: जुलाब आणि उलट्या

इथे गोळीपेक्षा पाणी मोठं. डब्यात ओआरएसच्या पुड्या हव्यातच, घरातल्या प्रत्येकामागे दोन तरी.

पाणी पिऊनही जुलाबात माणूस कोरडा का पडतो आणि त्यात साखर-मीठ घातल्यावर का सावरतो, हे एकदा समजलं की पुडी कधी चुकीची बनवली जात नाही. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी येतं. जुलाबातही ही वाट उघडी राहते. पण जोडीचं प्रमाण बिघडलं, साखर फार झाली, तर आतडं उलट पाणी बाहेर टाकतं आणि जुलाब वाढतात. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी असं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांकरवी पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. आज ती पुडी आपण डब्याच्या तळाशी टाकून विसरतो.

सध्याचं सूत्र जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ साली ठरवलेलं आहे. एक लिटरसाठीच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, एकूण २०.५ ग्रॅम. विकत घेताना हे आकडे ताडून पाहा. नाव मिळतंजुळतं ठेवून विकली जाणारी गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पुडी किती पाण्यासाठी आहे ते वाचा, कारण लहान पुड्या २०० मि.ली.च्याही असतात. पूर्ण पुडी, पूर्ण पाणी. 'आज अर्धी, उद्या अर्धी' करू नका, अर्धी पुडी डोळ्यांनी मोजता येत नाही. चोवीस तासांत उरेल ते ओतून द्या.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ५ मि.ली.चे सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून केलेलं. ही मापं झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

पाजायची रीतही महत्त्वाची. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मि.ली., मोठ्या मुलाला १०० ते २०० मि.ली., प्रौढाला पिईल तेवढं. उलटी झाली की घाबरून बंद करू नका. दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. स्तनपान आणि जेवण चालू ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांना जुलाबात १० ते १४ दिवस झिंक देतात, सहा महिन्यांच्या आत १० मि.ग्रॅ. आणि त्यापुढे २०. ते डॉक्टरांना विचारून आणून ठेवता येईल.

जुलाब थांबवणारं लोपेरामाइड फक्त मोठ्यांसाठी, तेही प्रवास वगैरे अडचण असेल तर. शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर नाही, आणि मुलांना कधीच नाही. माझं मत विचाराल तर घरच्या डब्यात ते नसलं तरी चालतं.

सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, मूल सुस्तावलं, शौचात रक्त दिसलं किंवा पाजलेलं सगळं उलटून पडतंय, तर चमचा खाली ठेवून रुग्णालयात जा.

पायरी ५: ॲलर्जी आणि कीटकदंश

अंगावर गांधी उठल्या, डोळे-नाक चुरचुरतंय, तर सेटिरिझिनची १० मि.ग्रॅ.ची एक गोळी प्रौढांना दिवसभर पुरते. लोराटाडिनही चालतं. जुन्या क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. वयस्क माणसं त्याने गोंधळतात, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबू शकते, त्यामुळे घरात म्हातारी माणसं असतील तर ते नकोच. सेटिरिझिननेही काहींना झोप येते, तेव्हा गोळी घेऊन गाडी चालवायला निघू नका. कीटक चावल्यावर गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन, आणि फारच खाज असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम. चेहऱ्यावर आणि उघड्या जखमेवर नाही, आठवड्यापेक्षा जास्त नाही.

ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, चक्कर येऊन अंग गळून गेलं, तर ही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया, असू शकते. तिथे सेटिरिझिनची वाट पाहण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात माणूस जातो. तिच्यावर उपाय एकच, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन. ज्यांना डॉक्टरांनी त्याचं पेन लिहून दिलंय त्यांनी दोन पेनं जवळ ठेवावी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, माणसाला आडवं करून पाय वर घ्यायचे, उठून चालू द्यायचं नाही. श्वास फार लागत असेल तर बसतं ठेवा. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरं पेन. रुग्णवाहिका तर बोलवायचीच, बरं वाटलं तरी.

पायरी ६: जखमा आणि भाजणं

सामान: निर्जंतुक गॉजच्या दहा-बारा घड्या, न चिकटणारे ड्रेसिंग, दोन-तीन रुंदीच्या चिकटपट्ट्या, दोन गुंडाळी बँडेज, एक क्रेप बँडेज, कागदी टेप, तिकोनी पट्टी, एकदा वापरायचे हातमोजे, बोथट टोकाची कात्री, चिमटा, पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली आणि सलाईनच्या छोट्या कुप्या. कापसाचे तंतू जखमेत अडकतात, म्हणून तो थेट जखमेवर ठेवायचा नाही.

रक्त वाहतंय तर जखमेवर गॉज ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि पूर्ण दहा मिनिटं दाबून ठेवा. थांबलं का हे बघायला मध्येच गॉज उचलला की धरत आलेली गुठळी सुटते. गॉज भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवा, पहिला काढू नका. काही रुतलेलं असेल तर ते ओढून न काढता भोवतीने दाबा.

साधी जखम धुवायला नळाचं वाहतं, पिण्याजोगं पाणी सगळ्यात चांगलं. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं, त्यामुळे काहीतरी होतंय असं वाटतं, पण ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. पोव्हिडोन आयोडीन थोडं चालेल. थायरॉइडचा विकार असलेल्यांना आणि नवजात बाळांना ते टाळा. जखम खोल किंवा मळलेली असेल तर धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते बघा. पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना दाखवा. ही तारीख माणसांच्या यादीत लिहिलेली असली की आठवण्यात वेळ जात नाही. प्राणी चावला किंवा त्याचा दात-नख लागून ओरखडा उठला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जायचं. जखम लहान दिसते म्हणून हे टाळू नका, लक्षणं दिसायला लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

भाजल्यावरचं मुख्य औषध डब्यात नाहीच, ते नळाला आहे. गार, वाहतं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. लोक दोन-तीन मिनिटांत थांबतात. भाजून थोडा वेळ झाला असला तरी तीन तासांपर्यंत हे पाणी उपयोगी पडतं. सूज यायच्या आत अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई यांतलं काही लावू नका. फोड फोडू नका. नंतर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म सैलसर, आडवी पसरून ठेवा, गुंडाळू नका. ती चिकटत नाही आणि डॉक्टरांना जखम तिच्यातून दिसते. भाजलेला भाग रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजलं असेल तर रुग्णालय. डोळ्यात रसायन उडालं तर आधी वीस मिनिटं पाणी, मग बाकी सगळं.

घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचा.

पायरी ७: सर्दी, खोकला, छातीतली जळजळ

यावर जागा कमी द्या, डब्यातही. मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब सगळ्यांना चालतात. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मोठ्यांनी तीन-चार दिवसच वापरावे, नंतर तेच नाक चोंदवतात. खोकल्याची मिश्र औषधं सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. फायदा नगण्य, धोका खरा. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध जास्त आराम देतो. वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊ शकते. मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देऊ नका, त्यात भाजण्याचे अपघात होतात.

जळजळीसाठी एक साधं ॲन्टासिड पुरे. इतर औषधांपासून ते दोन तास लांब ठेवा, काही औषधं ते पोटात शोषू देत नाही. आणि 'ॲसिडिटी'बरोबर घाम, धाप किंवा हातात कळ असेल तर वर सांगितलेली छातीदुखीची ओळ लागू.

घरात मधुमेही असेल तर ग्लुकोज ठेवाच. साखर उतरून थरथर, घाम, गोंधळ सुरू झाला तर १५ ते २० ग्रॅम द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही. दम्याच्या रुग्णाचा जादा इनहेलर आणि स्पेसर याच डब्यात असू द्या.

पायरी ८: तो कागद

एक जाडसर कार्ड, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. एका बाजूला माणसांची यादी आणि दूरध्वनी: रुग्णवाहिका, विषबाधा केंद्र असेल तर ते, घरचे डॉक्टर, रात्री उघडं असणारं जवळचं रुग्णालय. घराचा पूर्ण पत्ताही लिहा. घाईत आपलाच पत्ता सांगताना लोक अडखळतात, आणि फोन करणारा पाहुणाही असू शकतो. दुसऱ्या बाजूला डब्यातल्या प्रत्येक औषधाची ओळ: कशासाठी, कुणाला किती, किती तासांनी, कुणाला नाही. सोबत एक छोटी वही आणि पेन. दिलेल्या प्रत्येक डोसाची वेळ त्यात टिपायची. आई-बाबा आळीपाळीने जागे असतात तेव्हा एकच डोस दोघांकडून दिला जाण्याचा धोका या वहीमुळे टळतो.

पायरी ९: कुठे आणि किती

न्हाणीघरातलं आरशामागचं कपाट आणि शेगडीच्या वरचा कप्पा, दोन्ही वाईट. एकीकडे दमट, दुसरीकडे गरम. गाडीत तर मुळीच नको. झोपायच्या खोलीतलं उंच, कुलूपबंद, कोरडं कपाट बरं, आणि किल्ली मोठ्यांना ठाऊक असावी. गोळ्या स्ट्रिपमधून काढून बरणीत भरू नका. मलमपट्टीचं सामान मात्र वेगळ्या, बिनकुलपी पेटीत ठेवा. रक्त वाहताना किल्ली शोधायची वेळ यायला नको, आणि गॉज मुलांच्या हाती लागला तर बिघडत नाही.

साठा थोडाच. पॅरासिटामॉलच्या एक-दोन स्ट्रिप पुरतात. ब्रिटनमध्ये १९९८ साली पॅरासिटामॉलच्या पाकिटाचा आकार कायद्याने लहान केला, त्यानंतर त्याच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू कमी झाले. घरात कुणी मनाने खचलेलं असेल तर हे विशेष ध्यानात ठेवा.

मुलांना औषध देताना त्याला चॉकलेट म्हणू नका. लोहाच्या लालचुटूक गोळ्या लहान मुलांसाठी फार विषारी ठरतात, आणि त्या अनेकदा आईच्या उशाशीच असतात. डिजिटल थर्मामीटरचा गोल चपटा सेलही तितकाच घातक. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकून दोन तासांत ती जाळू शकतो, त्यामुळे त्याचं झाकण पक्कं बसतं का ते बघा. पाऱ्याचा जुना थर्मामीटर असेल तर तो काढून टाका, पण कचऱ्यात फेकू नका. घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. विषारी काही पोटात गेलं तर उलटी करवू नका. ॲसिड किंवा रॉकेल वर येताना दुसऱ्यांदा जाळतं, फुप्फुसात शिरतं. बाटली किंवा वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालयात जा.

पायरी १०: वर्षातून दोनदा

दोन तारखा ठरवा आणि झाकणाच्या आत लिहा. त्या दिवशी मुदती तपासा, सहा महिन्यांत संपणारी औषधं पुढे ठेवा, थर्मामीटर चालू करून बघा, चिकटपट्टी चिकटते का पाहा, मुलांची वजनं आणि सिरिंजवरची खूण बदला. मध्ये काही वापरलं तर त्याच आठवड्यात भरून काढा.

मुदत संपलेली औषधं औषधविक्रेता परत घेत असेल तर तिथे द्या. ती सोय नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून, न कुटता, माती किंवा वापरलेल्या चहापत्तीत मिसळून बंद पिशवीत भरा आणि कचऱ्यात टाका. संडासात किंवा मोरीत ओतू नका. वेष्टनावरचं रुग्णाचं नाव काळ्या शाईने खोडा. इनहेलरचा डबा रिकामा झाला तरी तो टोचू किंवा जाळू नका, तो फुटतो.